घरीच तर आहे, मग रजा कशाची?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने "आपण काय करता?" असं विचारलं, की मी खरं उत्तर द्यायचो. "कामगार कायदे आणि पगारावरचे कर, यांचा सल्लागार." शेजारचा "अरे वा" म्हणायचा आणि मठ्ठा वाढणाऱ्याला हाक मारायचा. पस्तीस वर्षं हा धंदा केला, पण त्याबद्दल दुसरा प्रश्न विचारणारा माणूस मला भेटला नाही. आता कार्यालय मुलीच्या हाती दिलं आहे आणि या दिवाळी अंकाच्या संपादकांनी चार पानं दिली आहेत, तेव्हा कोणी न विचारताच सांगतो.

धंदा असा. तुम्ही कारखाना काढला, दुकान काढलं, माणसं ठेवली. ठेवल्याबरोबर प्रत्येक माणसामागे सरकारचे पाच-सहा प्रश्न उभे राहतात. याचा भविष्य निर्वाह निधी भरला का? कामगार विम्यात नाव घातलं का? व्यवसाय कर कापला का? याचा आयकर पगार म्हणून कापायचा की फी म्हणून? याला रजा किती? मालकाला यातलं एकही उत्तर द्यायचं नसतं आणि सरकारला सगळी उत्तरं वेळेवर हवी असतात. त्या दोघांच्या मधे उभं राहून दोघांचं ऐकून घ्यायचं, हा माझा धंदा. जालन्यात त्याला मरण नाही. एका बाजूला सळईचे कारखाने, दुसऱ्या बाजूला बियाण्यांच्या कंपन्या. शेठ मंडळी मला 'वकीलसाहेब' म्हणायची. मी वकील नाही, असं सुरुवातीला सांगून पाहिलं. "मंग फी कमी घ्या की," असं उत्तर आल्यावर सांगणं सोडून दिलं.

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एक साधी गोष्ट असायची. माणूस कुठे येऊन काम करतो? फाटकातून आत आला की तो तुमचा, बाहेर गेला की त्याच्या घरचा. मग टाळेबंदी आली आणि फाटकच राहिलं नाही. माणसं लॅपटॉप घेऊन गावी गेली आणि त्यातली काही परत आलीच नाहीत. पगार जालन्यातून निघतो आणि माणूस इंदूरला बसतो, मग व्यवसाय कर कोणत्या राज्याचा? मालक पुण्यात आणि माणूस मंठ्यात, तो घरच्या जिन्यावरून पडला तर ते कामावर पडणं की घरी पडणं? असे प्रश्न मला सकाळी दात घासताना फोनवर यायला लागले. ज्या वयात लोक नातवंडांचा अभ्यास घेतात, त्या वयात मी स्वतःच्या अभ्यासाला बसलो.

परतूरचा एक इंजिनिअर तेव्हा परदेशातल्या एका कंपनीचं काम घरून करायचा. त्या कंपनीच्या वकिलांनी धसका घेतला होता. आपला माणूस भारतात बसतो, म्हणजे ती जागा आपलं कार्यालयच आहे, असं इथल्या आयकर खात्याने ठरवलं, तर कंपनीच्या नफ्यावर इथे कर भरावा लागेल. भीती अगदीच खोटी नव्हती. घरी बसून कोणी कंपनीच्या नावाने सौदे ठरवत असेल, तर तसं होऊ शकतं. त्यांनी मला प्रश्नांची यादी पाठवली आणि जागा स्वतः पाहून उत्तरं द्या म्हणाले. मी गेलो. पहिला प्रश्न होता, जागेवर फलक आहे का? फलक होता. 'येथे पिको-फॉल करून मिळेल.' तो त्याच्या आईचा होता. पुढचा प्रश्न, जागेत ग्राहक येतात का? येत होते, साड्या घेऊन. त्या जागेवर कंपनीचा ताबा आहे का, हे विचारल्यावर आई म्हणाली, "ताबा कशाचा? चार वाजले की लाईट माझ्या मशीनला लागती. त्याला सांगून ठिवलंय, तुझं ते बंद करायचं." मी सगळी उत्तरं प्रामाणिकपणे लिहून पाठवली. पिको-फॉल म्हणजे काय, हे विचारणारी त्यांची वेगळी मेल आली.

हे हसण्यावारी गेलं. पण त्याच काळात मी एक काम असं केलं, की त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला आणि आता वाटत नाही.

बियाण्यांच्या एका कंपनीचे मालक, त्यांना आपण कांतीशेठ म्हणू या. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजींचं मराठी माझ्यापेक्षा जास्त इथलं. टाळेबंदीत शेतकऱ्यांना दुकानापर्यंत येता येईना, म्हणून त्यांनी फोनवर सल्ला देण्याची सोय केली. शेतीची पदविका झालेल्या, गावोगावच्या पाच मुली ठेवल्या. त्यांनी घरी बसून फोन घ्यायचा. बियाणं किती खोल पेरायचं, उगवलं नाही तर काय करायचं, कोणतं खत कधी टाकायचं, हे सांगायचं. टाळेबंदी उठली तरी ही सोय चालूच राहिली. शेतकरी खूश होते आणि शेठजी तर फारच.

"साहेब, ह्या पोरी हापिसात येत न्हाईत," ते मला म्हणाले. "ह्यांना खुर्ची न्हाई, पंखा न्हाई, चहाचा खर्चा न्हाई. मंग ह्यांचा फंड, ह्यांचा विमा, ह्यांच्या रजा, हे लचांड कशाला? काहीतरी बराबर कागद करा."

मी कागद केला. चौदा कलमांचा करार. त्यात लिहिलं की ही व्यक्ती कंपनीची नोकर नसून स्वतंत्र सल्लागार आहे. कामाची वेळ ती स्वतः ठरवेल, कामाची पद्धत ती स्वतः ठरवेल, कंपनीचं तिच्यावर नियंत्रण राहणार नाही. असं लिहिलं की दर महिन्याला तिला जे मिळतं तो पगार राहत नाही, फी होते. फीमधून ठरावीक दहा टक्के कर कापून भरला की काम संपलं. फंड नाही, विमा नाही, रजा नाही. शेठजींनी करार दोनदा वाचला आणि त्या दिवशी चहाबरोबर काजूकतली आली. तो करार मी पुढे आणखी तीन कंपन्यांना दिला, फक्त नावं बदलून.

एक गोष्ट मात्र मी विचारली नाही. या पोरींशी शेठजी रोज वागतात कसे, हे मी विचारायला हवं होतं.

कांतीशेठचा मस्टर जालन्याच्या व्यापाऱ्यांत चेष्टेचा विषय होता. लाल कापडी बांधणीचं लांबलचक हजेरीपुस्तक. सकाळी दहाला शेठजी स्वतः गादीवर बसणार, एकेका माणसाचं तोंड पाहणार आणि त्याच्या नावापुढे 'ह' लिहिणार. त्यांच्या आजोबांनी घालून दिलेली पद्धत. सगळीकडे बोट लावून हजेरी देण्याची यंत्रं आली, तेव्हा शेठजी म्हणाले, "तोंड पाह्यल्याबिगर माणूस आला का न्हाई, हे कसं कळणार?" ज्याला उशीर झाला त्याच्या नावापुढे लाल शाईचा ठिपका पडायचा. तीन ठिपके झाले की अर्धा दिवस कापला.

मला वाटलं होतं, घरून काम करणाऱ्या पोरी यातून सुटल्या असतील. त्या सुटल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं.

त्या पाच जणींत वंदना सोळंके ही आष्टीची. कामात सगळ्यांत तरबेज. लग्नाला दोन वर्षं झालेली, पहिलटकरीण, आठवा महिना लागला होता. तिने वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, 'प्रसूती रजा मिळणेबाबत', आणि त्याचा फोटो शेठजींना पाठवला. दहा मिनिटांत मला फोन.

"वकीलसाहेब, एक सांगा. बाई घरीच हाय का न्हाई?"

"आहे."

"काम घरून करती का न्हाई?"

"करते."

"बाळंत कुठं होणार?"

"दवाखान्यात होईल, शेठजी."

"ते दोन-तीन दिवस. ते म्या दिले, माझं काय म्हणणं न्हाई. पण मंग घरीच येणार ना ती? घरातून घरात रजा. म्हंजे जाणार कुठं?"

मला हसू आलं. मी म्हणालो, "काळजी करू नका. कागद आपल्या बाजूने आहे. ती सल्लागार आहे आणि सल्लागाराला प्रसूती रजा नसते."

"मंग तसं तिला समजावून या. आन सही बी घेऊन या."

सहीसाठी मी एक पत्र तयार केलं. 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या मर्जीने करार संपवत असून कंपनीकडे माझी कोणतीही मागणी नाही.' तीन ओळींचं साधं पत्र. असली पत्रं मी शेकड्यांनी लिहिली आहेत. ते खिशात घालून मी आष्टीला गेलो.

सोळंक्यांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत टेबल, त्यावर कंपनीने दिलेला लॅपटॉप, पाठीमागे दोन उशा आणि पायाखाली उपडी ठेवलेली बादली. पाय सुजलेले होते. वंदना फोनवर बोलत होती. तिने मला खुणेने बसायला सांगितलं.

"दादा, आधी तुम्ही बोलून घ्या सगळं, मंग मी बोलते," ती फोनवर म्हणत होती. "झालं? आता सांगा, किती खोल पेरलं व्हतं? चार इंच? दादा, सोयाबीन पेरायचं व्हतं, खांब न्हाई रोवायचा!" पलीकडचा शेतकरी इतक्या मोठ्याने हसला, की मला ऐकू आलं. पुढची दहा मिनिटं तिने त्याला काय वाचेल आणि काय मोडून पुन्हा पेरावं लागेल, ते शांतपणे सांगितलं. शिव्या द्यायला फोन केलेला माणूस "ताई, लई उपकार झाले" म्हणून गेला.

सासूबाईंनी चहा आणला. "साहेब, आमची सून दिवसभर बसूनच असती बघा. आता रजा मागून राह्यली म्हणं. कुठं जायचंय हिला?"

शेठजींचंच बोलणं पुन्हा ऐकल्यासारखं झालं.

"आत्याबाई, डॉक्टरीणबाई काय म्हणल्या, ते बी सांगा ना," वंदना म्हणाली.

"काय म्हणल्या, बीपी वाढून राह्यलं, जादा येळ बसायचं न्हाई, डाव्या कुशीवर पडून ऱ्हायचं. मंग पड की. फोन काय, पडून बी घेता येतो."

"घेतला व्हता आत्याबाई. शेठजी म्हणले, हजेरीला नीट बसून तोंड दाखव."

मी कप खाली ठेवला. "हजेरी?" मी विचारलं. "कसली हजेरी?"

वंदनाने मोबाईल माझ्यापुढे धरला. रोज सकाळी दहाला शेठजी पाचही जणींना व्हिडिओवर बोलवायचे. प्रत्येकीने "राम राम शेठजी" म्हणायचं, मग 'ह'. नंतर मस्टरच्या पानाचा फोटो काढून शेठजी स्वतः तो गटावर टाकायचे, उद्या कोणी म्हणू नये की शेठने गडबड केली. पानामागून पान मी सरकवत गेलो. तीन वर्षं, रोजचं एक. एका पानावर वंदनाच्या नावापुढे तिसरा लाल ठिपका होता आणि अर्धा दिवस कापलेला होता. त्या दिवशी ती सोनोग्राफीला परतूरला गेली होती आणि अकरा वाजता परत आली होती.

मी पत्र खिशातून काढलं होतंच. ते तिने घेतलं आणि सावकाश वाचलं.

"साहेब, ह्याच्यात लिवलंय, मी माझ्या मर्जीनं सोडते. मी तर रजा मागून राह्यले."

"तुमच्या करारात रजा नाही, वंदनाताई."

ती उठली. कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात तिची पदविका होती, लग्नाचं प्रमाणपत्र होतं आणि माझा करार होता. "हे तुम्हीच लिवलंय ना? शेठजी म्हणले व्हते."

"हो."

"चांगलं लिवलंय. मी दोनदा वाचलं. चौथ्या कलमात लिवलंय, कामाची येळ मी ठरवणार. मंग दहाचा ठिपका कोणत्या कलमात हाय?"

चौदाही कलमं मला पाठ होती. ठिपक्याचं कलम त्यात नव्हतं.

"आमच्या दोन्हीकडच्या घरात पगार आणणारी मी पयली बाई हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सही केली तर परत घेतील का, हे ह्या कागदात न्हाई. न्हाई केली अन् बसून फोन घेत ऱ्हायले, तर बाळाचं काय व्हईल, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. मी काय करावं, तुम्हीच सांगा."

मी पत्र परत मागून घेतलं आणि चार घड्या घालून खिशात ठेवलं. "आज सही करू नका," एवढंच म्हणालो.

यात माझा मोठेपणा फारसा नाही. कायद्यात कागदावर काय लिहिलंय याला शेवटी फार किंमत नसते. कधी बसायचं हे कोण सांगतं, उशीर झाला तर कोण कापतं, हे पाहिलं जातं. तेच ठरवणारा मालक असतो आणि ज्याचं कापलं जातं तो नोकर. ते फोटो कुठल्याही अधिकाऱ्याच्या टेबलावर गेले असते, तर माझी चौदा कलमं चहा निवायच्या आत बाजूला पडली असती. म्हणजे मी हरणार होतो आणि ते मला दिसलं. लाजही वाटली. या दोन्हीतलं आधी काय झालं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींच्या गादीसमोर बसलो.

"शेठजी, करार गेला."

"कुठं गेला?"

"तुमच्या मस्टरने खाल्ला."

मी सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेऊन शेठजी म्हणाले, "इतकंच ना? उद्यापासून त्यांची हजेरी बंद."

"आणि मागच्या तीन वर्षांचं काय? रोजचा फोटो पाच जणींच्या मोबाईलमध्ये आहे. तुम्हीच टाकलाय."

"माझा व्यवहार साफ हाय, हे दिसावं म्हणून टाकला!"

"साफच आहे, म्हणून तर पंचाईत झाली."

शेठजींनी पाणी मागवलं. मग एकदम काहीतरी आठवून मोबाईल काढला. "थांबा, थांबा. हे पाहा, मला परवाच आलंय. कायद्यातच लिवलंय, बाळंतीण बाई घरून काम करू शकती. हाय का न्हाई?"

"आहे. पण ते रजा संपल्यावर, आणि दोघांच्या राजीखुशीने."

"रजा किती?"

"सव्वीस आठवडे."

शेठजींनी मनात काहीतरी जुळवलं. "साहेब, तेवढ्यात सोयाबीन पेरून, काढून, वर हरभरा फुलावर येतो."

मग मला तेही सांगावं लागलं, जे सांगायची मला बिलकुल इच्छा नव्हती. या पोरींचं नाव पहिल्या दिवसापासून कामगार विम्यात घातलं असतं, तर वंदनाच्या रजेच्या दिवसांचा भार विम्याने उचलला असता. आता तो सगळा कंपनीवर येणार होता. विमा टाळायची युक्ती माझी होती.

शेठजींनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "म्हंजे हे नुकसान म्या तुम्हाला फी देऊन करून घेतलं?"

"हो, शेठजी."

एरवी त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण त्यांनी मस्टर पुढ्यात ओढला. मी विचारलं, "शेठजी, तुम्ही रोज तोंड पाहून हजेरी घेता. गेल्या महिन्याभरात वंदनाचं तोंड कसं दिसत होतं?"

त्यांनी मस्टरवरची नसलेली धूळ झटकली. "सुजल्यावानी दिसून राह्यलं व्हतं," ते म्हणाले. "म्या म्हणलं, मोबाईलमधी तसं दिसत असंल."

त्यांनी मस्टर मिटला. मग तेच म्हणाले, "पाचही जणींची पत्रं करा. फंड, विमा, जे काय हाय ते. अन् तिची रजा उद्यापासून लावा. जल्दी करा."

शेठजी शेठजीच राहिले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला ते वंदनाच्या नावापुढे 'प्र. र.' असं स्वतःच्या हाताने लिहायला लागले. माणूस रजेवर असला तरी मस्टरमध्ये पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. रविवारी 'प्र. र.' लिहायचं की 'सुट्टी', हे विचारायला त्यांनी मला एका रविवारीच फोन केला. वंदनाला मुलगा झाला. दोघं सुखरूप. पंधराव्या दिवशी तिने आपणहून दहा वाजता व्हिडिओ लावून बाळ दाखवलं, तेव्हा शेठजी पेन खाली ठेवून म्हणाले, "ह्याचा ठिपका माफ हाय." सव्वीस आठवडे संपल्यावर ती त्याच खुर्चीवर परत बसली. आता हजेरी तिथेही रीतसर आहे आणि लेट झालं की शेठजींशी ती रीतसर भांडतेही.

गोष्ट इथे संपवली तर मी बरा दिसेन. पण त्या पाच पत्रांचं राहिलं.

माझी पत्रं शोभा टाईप करते. लग्नाआधी ती जालन्यात माझ्या कार्यालयात यायची. लग्न होऊन जाफराबादला गेली, तेव्हापासून, म्हणजे टाळेबंदीच्याही आधीपासून, घरूनच काम करते. मी बोलून पाठवायचो, ती टाईप करून पाठवायची. शेठजींकडून परतल्यावर त्या दुपारी मी वंदनाचं प्रकरण आणि पाच पत्रांचा मजकूर तिला पाठवला. दोन तासांत पत्रं आली आणि पाठोपाठ तिचा फोन आला.

"सर, पाचवं, वंदनाताईंचं, नीट पाहून घ्या. सव्वीस आठवडे अंकात बी लिवलंय, अक्षरात बी लिवलंय."

"चांगलं केलंस."

ती फोन ठेवेना. मग म्हणाली, "सर, हे आपल्याला लागू न्हाई ना?"

"कोणाला?"

"आपल्या हापिसाला."

"नाही. दहा माणसं लागतात. आपण चारच."

"हां, तेच. टाईप करता करता मनात आलं, म्हणून विचारलं." आणि तिने फोन ठेवला.

शोभाला मुलगी झाली ती टाळेबंदीच्या आधीच्या एका जुलैत. आमच्या धंद्यात जुलै म्हणजे आयकराची विवरणपत्रं भरायचा महिना, श्वास घ्यायला फुरसत नसते. नवव्या दिवशी मी तिला बोलून पाठवलं होतं, "शोभा, जमेल तेवढंच कर, घाई नाही," आणि त्याखाली सगळ्या फायली पाठवल्या होत्या. तिने एकही मागे ठेवली नाही. बारशाला मी चांदीचे वाळे घेऊन गेलो होतो. पुढे कित्येक वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, "आमची शोभा बघा, दहा दिवसांत कामाला लागली!" तिच्यासमोरही सांगायचो, कौतुकाने. ती आधीच घरी आहे, तिला कुठे जायचंय, असं मी कधी बोललो नाही. पण मनात तेच धरून चाललो होतो. शेठजी निदान मोठ्याने बोलले.

पत्रं आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. मागे तिची मुलगी पाढे म्हणत होती.

"शोभा, तेव्हा मी तुला रजा द्यायला हवी होती. कायदा लागू असो, नसो. माझं चुकलं. आता तुला काय देता येईल, ते तू सांग."

"आता काय सर. पयलीत गेली ती."

"तरी पण."

ती म्हणाली, "खरं सांगू का सर? त्या महिन्यातलं मला हिचं काहीच आठवत न्हाई. तुमची विवरणपत्रं आठवतात. कुणाचं नाव चुकलं व्हतं, कुणाचा कागद शेवटच्या दिवशी आल्ता, सगळं. पण ही कशी दिसायची, ते फोटो काढून पाहावं लागतं."

मग तिने त्या विवरणपत्रांतली चार नावं मला सांगितलीही. चारही बरोबर होती.